चारशे बारा चिठ्ठ्या

बोअरमधली मोटर वर काढायची म्हणजे दोन माणसांचं काम. पण त्या उन्हाळ्यात दुसरा माणूस मिळेल तर शपथ. जो तो पाण्याच्या मागं. मग तो एकटाच तीन पायांचा लोखंडी स्टँड उभा करायचा, चेन अडकवायचा आणि वीस-वीस फुटी पाइप एकेक करून वर ओढायचा. सांध्याला पाना लावायचा, दात खाऊन पिळायचा, पाइप सुटला की खांद्यावर घेऊन बाजूला ठेवायचा. मग पुन्हा चेन खाली. दहा पाइप, बारा पाइप. शेवटी मोटर वर आली की तिच्या बुडाला चिखलसुद्धा नसायचा. आतली तार जळल्याचा तिखट वास नाकात शिरायचा आणि मोटर न उघडताच त्याला कळायचं, की ही पाण्याविना फिरत राहिली आणि गेली.

"ए ढेकळ्या, जगेल का रे?" पिठाच्या गिरणीवालीनं कमरेवर हात ठेवून विचारलं. तिच्या दारातल्या बोअरची मोटर होती ती.

"जगवेन मी. पण खाली पाणीच नाही, तर जगून करेल काय?"

"मग पाणीपण तूच भर की वरून!" ती हसली. तोंडावरचं पीठ घामानं ओघळलं होतं, ते तिनं मनगटानं पुसलं. तोही हसला. हसण्याशिवाय त्या उन्हाळ्यात कुणाच्या हातात होतं तरी काय?

आता हे 'ढेकळ्या' काय प्रकरण आहे, ते आधी सांगून टाकतो. या माणसाला आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, चांगलं होतं. लाइटबिलावर यायचं. दुकानाच्या पाटीवर त्यानं ते लाल अक्षरात रंगवून घेतलं होतं, खाली 'मोटर रिवायंडिंग व पंप दुरुस्ती'. पण खालच्या वस्तीत ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. आपणही त्याचं ते दुसरं नाव घ्यायला नको. आपण त्याला मेकॅनिक म्हणू.

मेकॅनिकचे वडील म्हणजे मास्तर. वस्तीच्या शाळेत चौथीच्या वर्गावर बत्तीस वर्षं. पन्नाशीच्या आतला वस्तीतला एकूण एक माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला. माणूस सरळ, शिकवणं पक्कं, एका पैशाला कधी हात नाही. फक्त एक खोड होती. वर्ग भरल्यापासून आठवड्याच्या आत मास्तर प्रत्येक पोराला एक नाव द्यायचे. ज्याचं नाक गळतं तो गळक्या. जिची जीभ जड ती बोबडी. तीच ही गिरणीवाली. ज्याची वर्गात चड्डी ओली झाली तो मुतऱ्या. आता त्याचं चौकात सलून आहे. भुकेपोटी दुसऱ्याचा डबा खाताना सापडला तो डबाचोर. पोरं हसायची, मास्तरही हसायचे, आणि नाव जे चिकटायचं ते कायमचं. गिरणीवालीची जीभ कधीच सुधारली होती, खडाखडा बोलायची बाई. तरी लोक दळण घेऊन जायचे ते 'बोबडीकडं'.

पोटच्या पोराला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्याला फळ्यापाशी बोलावलं होतं. भागाकार आला नाही. मास्तर वर्गाकडं वळून म्हणाले, "बघा रे, हे आमच्या घरचं ढेकूळ." तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता एकोणचाळीस. मागच्या महिन्यात त्याची स्वतःची नऊ वर्षांची लेक शाळेतून आली, दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि म्हणाली, "बाबा, मला सगळे ढेकळ्याची म्हणतात. ढेकळ्या म्हणजे काय?" तो तार गुंडाळत होता. "काही नाही," म्हणाला आणि गुंडाळत राहिला. त्या मोटरचे वेढे चुकले, सगळी तार पुन्हा उलगडावी लागली.

घरातल्या मोठ्यांत त्याला त्या नावानं हाक न मारणारी एकच, ती म्हणजे बायको. ती बाहेरगावची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी दारात कुणीतरी हाक मारली, आणि तिनं विचारलं, "हे ढेकळ्या कोण?" त्यानं सांगितलं. त्यानंतर अकरा वर्षांत तो शब्द तिनं ओठांवर येऊ दिला नव्हता. 'अहो' म्हणायची. दुसरं कुणी तिच्यासमोर ते म्हणालं तर ऐकूच आलं नाही असं करायची.

त्या उन्हाळ्यात तिची कंबर गेली. टँकरच्या गर्दीत हंडा उचलताना मणक्यात कट्कन काहीतरी झालं आणि बाई तिथंच बसली. डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधा, वजन उचलायचं नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, पाणी वजनात धरायचं का?" डॉक्टर हसले. घरी येऊन मेकॅनिकला सांगताना तीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा, भर दुपारी, आणि मेकॅनिक नेमका तेव्हा कुणाच्या तरी बोअरवर असायचा. लेकीच्या हातात पाच लिटरचा कॅन. बाकीचं ओझं पट्ट्यावर.

अशात एक दिवस मास्तर बाहेरून आले. हातात खुणा केलेला लांब दोर, बुटांवर धूळ. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ, आणि सदरा स्वतः इस्त्री केलेला.

"मोजलं," खुर्चीत बसत ते म्हणाले. "टेकडीवरच्या पालिकेच्या टाकीत पाणी आहे, आणि तिचा तळ आपल्या उंबऱ्यापेक्षा चोवीस फूट वर आहे. मोटर नको, पंप नको. पाणी स्वतःच्या पायानं चालत खाली येईल. आठशे तीस मीटर पाइप टाकायचा, संपलं."

"मग इतकी वर्षं का नाही टाकला?" सुनेनं विचारलं.

"दहा वर्षं या वस्तीचा नगरसेवक कोण आहे? डबाचोर. टँकर कुणाचे? डबाचोराचे. तो कशाला टाकेल पाइप?" मास्तरांनी दोर गुंडाळायला घेतला. "मी उभा राहतोय. निवडून आल्यावर सहा महिन्यांत दारात नळ. नाही आला तर मी स्वतः हंडा उचलेन."

सून पट्टा सावरत उभी राहिली. "मामंजी, तुम्ही उभे राहाच. मी घरोघर फिरेन."

"तू कुठं फिरतेस, कंबर बघ तुझी," मेकॅनिक म्हणाला.

"कंबरेसाठीच फिरणार आहे."

मेकॅनिकलाही बरं वाटलं. बाप खोटं बोलत नव्हता, आणि चढउताराचं गणित त्यालाही कळत होतं. पाणी येणार होतं. वस्तीत चारशे बारा मतं, उभे दोघंच. "चारशे बारांतले तीनशे तरी माझ्या हातचे आहेत," मास्तर म्हणाले. "मला काय प्रचार करायचाय?"

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बाहेर पडले. पहिलं दुकान सलूनचं. आत एक परगावचा ट्रकवाला गालाला फेस लावून बसलेला, आणखी दोघं बाकावर. सलूनवाल्याची मोठी मुलगी कोपऱ्यात कॉलेजचं काहीतरी वाचत होती. मास्तर दारातूनच गरजले, "काय रे मुतऱ्या! मत कुणाला?"

वस्तरा ट्रकवाल्याच्या गालावर थांबला. सलूनवाल्यानं आरशातच मास्तरांकडं पाहिलं आणि तोंडभर हसला. "हे काय विचारणं झालं, सर? तुम्हालाच."

"शाब्बास! आता कोरडा असतोस ना?"

बाकावरचे दोघं खो खो हसले. मुलीनं पुस्तक आणखी वर धरलं. मास्तर सुनेकडं वळून म्हणाले, "बघितलंस? तीस वर्षं झाली, पण एकेक पोर ध्यानात आहे माझ्या." आणि पुढं चालू लागले. मेकॅनिक पायरीवर चप्पल घालत मागं राहिला, तेवढ्यात आतून ट्रकवाल्याचा आवाज आला, "काय म्हणाले हो ते तुम्हाला?" सलूनवाल्याचं उत्तर ऐकायला तो थांबला नाही. त्याची कानशिलं तापली होती.

दिवसभर हेच. मास्तर दारात उभे राहायचे, पाइपचा हिशेब नीट समजावून सांगायचे, लहान पोरालाही कळेल असा. ऐकताना माणसांचे डोळे लकाकायचे. आणि मग निघताना मास्तर म्हणायचे, "येतो रे गळक्या," की ते डोळे विझायचे. तोंडावरचं हसू मात्र तसंच राहायचं. सुनेला ते हसू खरं वाटत होतं. "सगळे हो म्हणतात," रस्त्यात ती हळूच म्हणाली, "नळ येणार बघा."

संध्याकाळी टँकरवाला, म्हणजे मास्तरांचा डबाचोर, स्वतः वस्तीत उतरला. पांढरे बूट, पोट सुटलेलं, घामानं डबडबलेला. तो सलूनच्या पायरीवर बसला आणि त्यानं सलूनवाल्याला पूर्ण नावानं हाक मारली, पुढं 'राव' लावून. "तुमच्या आईचा गुडघा कसा आहे? आणि ताईंचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष ना?" सलूनवाल्यानं स्वतः चहा सांगितला. म्हणे, टँकरवाला मतदारयादी केबिनमध्ये ठेवायचा आणि गाडी चालवता चालवता पाठ करायचा. पाणी निम्मी टाकी आणायचा, उरलेलं बांधकामवाल्यांना विकायचा, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. पण एकाचंही नाव चुकायचा नाही पठ्ठ्या.

घरी जेवताना मेकॅनिकनं विषय काढलाच. "बाबा, लोकांना नावानं हाक मारा ना."

"नावानंच मारतो की."

"त्यांच्या नावानं."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "एक नाव त्यांना आईबापांनी दिलं, एक मी दिलं. माझ्या नावाला गाव ओळखतं. अरे, त्यात जीव आहे माझा! परक्याला कुणी असं म्हणतं का?"

"लोकांना लागतं ते."

"कुणाला लागलं? एकानं तरी तोंड वाकडं केलं?"

 मेकॅनिकला 'मला लागतं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते तीस वर्षांत निघाले नव्हते, तेव्हाही निघाले नाहीत. त्यानं पाणी प्यायला पेला उचलला. त्यात दोनच घोट होते, तेही त्यानं लेकीसाठी ठेवले.

दोन दिवसांनी मतदारयादी हातात आली आणि मास्तरांची पंचाईत झाली. चष्मा लावून, चष्मा काढून, कागद लांब धरून ते वाचत राहिले. "हा कोण? ही कोण? ही बाहेरची माणसं घुसवली की काय यादीत?" चारशे बारांतली तीसेक नावं त्यांना ओळखू आली, तीही परगावाहून लग्न करून आलेल्या सुनांची. ज्या तीनशेंना त्यांनी पाढे शिकवले, त्यांतल्या एकाचंही खरं नाव त्यांना आठवत नव्हतं.

मेकॅनिकला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. तो शेजारी बसला, पेन्सिल घेतली आणि नावासमोर टोपणनाव लिहीत गेला. मास्तर प्रत्येक नावाला लहान मुलासारखे खूश व्हायचे. "अरेच्चा! हा आपला गळक्या होय! केवढं भारदस्त नाव लपवलंय गधड्यानं!" दुपारभर बापलेक असे मांडीला मांडी लावून बसले. असं कधी बसले होते, मेकॅनिकला आठवत नव्हतं. स्वतःच्या नावाशी आल्यावर त्याची पेन्सिल थांबली. मास्तर वाकून म्हणाले, "पुढं चल. हे ढेकूळ ओळखतो मी."

मग मास्तरांनी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. मतदाराच्या हातात द्यायची चिठ्ठी. तिच्यावर यादीतला क्रमांक, नाव, मतदानाची खोली. लोक छापून घेतात. मास्तर म्हणाले, छापील चिठ्ठीला माया नसते. चार दुपारी ते खुर्चीतून उठले नाहीत. बोटं आखडायची, ती ते झटकायचे आणि पुन्हा लिहायचे. अक्षर काय सांगावं, मोत्यासारखं! शेवटची चिठ्ठी लिहून झाली तेव्हा त्यांनी गठ्ठ्याला दोरा बांधला आणि मेकॅनिकच्या दुकानात स्वतः आणून दिला.

"सूनबाईची कंबर धरलीय आज. तूच वाट सगळ्या. आणि प्रत्येकाच्या हातात दे, दारात टाकू नकोस."

मास्तर गेल्यावर मेकॅनिकनं हात पुसले आणि दोरा सोडला. वरचीच चिठ्ठी गिरणीवालीची. क्रमांक, पूर्ण नाव, शाळा, खोली तीन. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, लाल शाईनं, जरा मोठ्या अक्षरात: बोबडी.

त्यानं दुसरी पाहिली. गळक्या. तिसरी.  तो भराभर चिठ्ठ्या उलटत गेला. सलूनवाल्याची निघाली, त्याच्या मुलीचं या वर्षी पहिलं मत, तीही निघाली, आणि तिच्या कोपऱ्यात मास्तरांनी लिहिलं होतं, मुतऱ्याची. ज्याचं त्याचं नाव लाल शाईत. पेन्सिलीनं लिहून दिलं होतं कुणी? ह्यानंच.

उपाय सोपा होता, तोही समोरच पडलेला. मोटरमध्ये घालायचा जाड कागद कापायची कात्री बाकावर होती. कोपरा कापला की झालं. चारशे चिठ्ठ्या, फार तर तासाचं काम. त्यानं कात्री उचललीसुद्धा. गठ्ठ्यात आधी घरच्या शोधू म्हणून तो चाळू लागला. बायकोची सापडली, कोपऱ्यात 'सूनबाई'. त्याखाली त्याची.

स्वतःचं पूर्ण नाव बापाच्या अक्षरात त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. किती सुंदर लिहिलं होतं! वेलांटी कशी, काना कसा. तो पाहत राहिला. आणि मग नजर खाली कोपऱ्यात गेली.

त्यानं कात्री लावली आणि तो कोपरा कापला. सरळ, तिरका, एकाच फटक्यात. लाल अक्षरांचा तुकडा खाली तारांच्या कचऱ्यात पडला. आता दुसरी चिठ्ठी घ्यायची. हात पुढं झाला नाही.

राग आला होता त्याला. तीस वर्षांचा राग, इतका जुना की त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. कळू दे एकदा, त्याच्या मनात आलं. चारशे लोकांतला एक तरी दारावर येईल, ही चिठ्ठी तोंडावर फेकेल, विचारेल, मास्तर, हे काय लिहिलंत? मला नाही जमलं, दुसऱ्या कुणाला तरी जमेल. बाप हादरेल, माफी मागेल, आणि मग सगळं नीट होईल. असं त्यानं स्वतःला सांगितलं. नळाची आठवण झाली नाही असं नाही, झाली. पट्टा बांधलेली कंबरही आठवली. त्यानं कात्री खाली ठेवली, दोरा पुन्हा बांधला आणि दुकानाला कुलूप लावलं.

दोन दुपारी वाटत फिरला तो. उन्हानं डोकं फुटायची वेळ. दार वाजवायचं, चिठ्ठी हातात द्यायची, 'लक्ष असू द्या' म्हणायचं. माणसं चिठ्ठी वाचायची, कोपऱ्याशी थांबायची, वर बघायची. तो वाट पाहायचा. आता बोल. शिवी दे. पण माणसं चिठ्ठीची घडी घालायची आणि म्हणायची, "बरं, सांग मास्तरांना, येतो मतदानाला." गिरणीवालीनं वाचून पिठाचा हात चिठ्ठीवर फिरवला, अक्षर पुसतं का ते पाहिल्यासारखं, आणि नेहमीसारखं 'ए ढेकळ्या' न म्हणता नुसती मान हलवली.

सलूनवाला एकटाच काही बोलला. मुलीची चिठ्ठी त्यानं स्वतःच्या चिठ्ठीखाली लपवली आणि विचारलं, "तू वाचलीस?"

"नाही," मेकॅनिक म्हणाला. "बाबांनी गठ्ठा बांधून दिला तसा वाटतोय."

"मग ठीक आहे," सलूनवाला म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडं वळला.

मतदान शाळेत होतं, खोली तीन म्हणजे चौथीचाच वर्ग. फळा तोच, खिडक्यांचे गज तेच. रांगेतली माणसं त्या खोलीत शिरताना आपोआप गप्प होत होती. मास्तर फाटकाबाहेर मर्यादेच्या रेषेपलीकडं खुर्ची टाकून बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, प्रत्येकाला त्याच्या नावानं, म्हणजे त्यांनी दिलेल्या नावानं, हात करत. सगळे हसून हात करत होते. मेकॅनिकनं मत बापालाच दिलं. बटण दाबताना त्याला लाजही वाटली आणि हायसंही वाटलं, जणू तेवढ्यानं हिशेब मिटला.

तीनशे एकाहत्तर मतं पडली. टँकरवाल्याला तीनशे अठ्ठेचाळीस. मास्तरांना तेवीस.

गुलाल, वाजंत्री काही झालं नाही. टँकरवाल्यानं फक्त हॉर्न वाजवत टँकर वस्तीभर नेला. मास्तर घरी आले, खुर्चीत बसले, आणि तीन दिवस उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. यादी मांडीवर, तेवीस माणसं कोणती ते शोधत. कुणीही दारावर आलं नाही. चिठ्ठी फेकायला नाही, विचारायला नाही, सांत्वनालाही नाही. माणसं रस्त्यात भेटली की पूर्वीसारखीच वाकून हसत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर म्हणाले, "ढेकळ्या, कुठं चुकलं रे?"

आवाज म्हाताऱ्याचा होता. मेकॅनिकनं तो आवाज याआधी ऐकला नव्हता. त्याला वाटलं, आत्ता सांगावं. पण बापाची बोटं अजून लाल शाईनं डागाळलेली होती.

"पैसे वाटले असतील त्यानं," तो म्हणाला.

"हां," मास्तर म्हणाले. "तसंच असणार. नाहीतर माझी पोरं असं करणार नाहीत." त्यांना जरा बरं वाटलं. त्यांनी यादीची घडी घातली.

बाहेर हॉर्न वाजला. टँकर आला होता. बायको पट्टा आवळून, हंडा आणि कळशी घेऊन गेली. लेक मागून कॅन घेऊन. मेकॅनिक म्हणाला, "थांब, मी येतो." पण ती उंबरा ओलांडून गेली होती, आणि तेवढ्यात एक माणूस जळालेली मोटर हातगाडीवर घालून दारात उभा. त्याच्याशी बोलण्यात पाव तास गेला.

तो टँकरपाशी पोचला तेव्हा रांग अर्धी झाली होती. टँकरवाला जातीनं हजर. "ताई, सावकाश. वहिनी, तुमचा नंबर." हंडे लागत होते. बायको रांगेच्या कडेला उभी, आणि तिच्यासमोर सलूनवाल्याची बायको.

"घ्या," सलूनवाल्याची बायको तिच्या हातात काहीतरी कोंबत होती. "तुमच्या सासऱ्यांचं आहे. आमची पोरगी दोन दिवस जेवली नाही. बघणी व्हायचीये तिची, आणि मतदानाच्या चिठ्ठीवर हे! ठेवा तुमच्याकडंच."

बायकोनं घडी उलगडली. वाचलं. तिचा चेहरा उतरला. "मला ठाऊक नव्हतं हो," ती म्हणाली. "आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं."

"तुमच्या मालकांनाही नव्हतं म्हणे. तसं सांगितलं त्यांनी," सलूनवाल्याची बायको म्हणाली आणि हंडा घेऊन पुढं सरकली.

 मेकॅनिकच्या बायकोनं पदराच्या गाठीतून दोन चिठ्ठ्या काढल्या. मतदानाहून आल्यापासून त्या तिथंच होत्या. मामंजींचं अक्षर टाकवलं नव्हतं तिला, म्हणून नवऱ्याचीही तिनंच घेऊन ठेवली होती. एक तिची. कोपऱ्यात लाल अक्षरात 'सूनबाई'. दुसरी नवऱ्याची. हिचा कोपरा नव्हता. फाटला नव्हता, कात्रीनं कापला होता, तिरका, सरळ. घरात आणि दुकानात मिळून तसं कापणारी कात्री एकच होती.

तिनं मान वर केली. मेकॅनिक चार पावलांवर उभा होता.

"वाचल्या होत्या तुम्ही," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

त्यानं चिठ्ठीच्या कापलेल्या कडेकडं पाहिलं.

"वाचल्या होत्या, आणि कापता येतं हेही कळलं होतं. चारशे बारांतली एक कापलीत. कुणाची, तर स्वतःची." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या दारात पाणी येत होतं हो. इथपर्यंत आलं होतं."

"त्यांना कळावं म्हणून..." तो म्हणाला. "बाबांना एकदा कळावं, म्हणून."

"कळलं?"

 टँकरवाल्यानं तिच्या नावानं हाक मारली, पूर्ण नावानं, आदरानं. तिचा नंबर आला होता. ती पुढं झाली, हंडा नळीखाली धरला. पाणी जेमतेम मनगटाएवढं येत होतं. हंडा भरला तेव्हा ती वाकली, एका हातानं पट्टा धरला, डोळे मिटले आणि उचलला. तोंडातून आवाज निघाला तो दाबलेला. मेकॅनिक धावला, त्यानं हंड्याला हात घातला. "दे इकडं. मी घेतो."

तिनं हंडा सोडला नाही. मागं रांग तुंबली होती, गिरणीवाली बघत होती, लेक कॅन छातीशी धरून बघत होती.

"बाजूला हो, ढेकळ्या," ती म्हणाली.

तो बाजूला झाला.